चिलटं, सीटी स्कॅन आणि गुऱ्हाळ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर एक्स-रे लिहून देताना फार हात आखडता घेत, असं संयोजकांनी मला सांगितलं. म्हणूनच बहुधा या वर्षी एका रेडिऑलॉजिस्टला बोलावलंय, म्हणजे त्याने येऊन आपल्या धंद्याचा जबाब द्यावा. विषयही तुम्हीच दिलात : हे स्कॅन किती सुरक्षित, आणि आपल्या डीएनएवर त्यांचा काय परिणाम होतो?

या प्रश्नाचं पहिलं पक्कं उत्तर ज्यांनी दिलं, त्यांचे भाऊबंद तुमच्याच म्हैसुरात, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारात, काचेच्या बाटल्यांतून सांभाळलेले आहेत. मी चिलटांबद्दल बोलतोय. नंजनगूडची रसबाळे केळी घरात जास्त पिकली की तांबड्या डोळ्यांच्या ज्या बारीक माश्या त्यांच्यावर घिरट्या घालतात, त्याच. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात या माश्यांचं राष्ट्रीय साठाकेंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना वेगवेगळ्या वाणांच्या माश्या तिथून मिळतात. म्हैसूरची ओळख चंदन, रेशीम आणि दसरा अशी करून देतात, पण माझ्यासारख्याला या बाटल्यांचंही अप्रूप वाटतं.

१९२७ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये हर्मन मुलर या शास्त्रज्ञाने नर माश्यांवर एक्स-रे सोडले आणि मग त्यांची नातवंडं मोजली. त्याने माद्यांचा एक खास वाण तयार केला होता. आईकडच्या आजोबाच्या एक्स गुणसूत्रात जीवघेणा बिघाड झाला असेल, तर त्या बाटलीतल्या नातवंडांत एकही नर निपजणार नाही, अशी त्या वाणाची करामत. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रं न्याहाळण्याची गरजच नाही. बाटली उचलायची, नर आहेत की नाहीत बघायचं, खूण करायची. मुलरला आढळलं की एक्स-रेमुळे अशा बिघाडांचं प्रमाण दीडशे पटींच्या घरात वाढतं. डीएनएची रचना उलगडायला अजून २६ वर्षं अवकाश होता. आनुवंशिकतेचा जो काही कागद पेशीत आहे तो एक्स-रेने फाटतो, एवढं मात्र त्या दिवसापासून नक्की झालं. त्यासाठी मुलरला १९४६ चं नोबेल मिळालं. उरलेल्या आयुष्यात तो डॉक्टर लोकांच्या मागे लागला की बाबांनो, हे किरण जपून वापरा. डॉक्टरांना ते फारसं रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा भीती निराधार नाही, हे आधी मान्य करतो. पण मुलरने माश्यांना दिलेला डोस हजारो रॉन्टजेनचा होता. माश्या तो सोसतात. माणूस त्यातून जिवंत राहणार नाही. आपल्याला पाहायचंय ते त्याच्या हजारांश आणि लाखांश डोसाचं.

एक्स-रेचा कण शरीरातून जाताना एखाद्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन कधी थेट डीएनएवर आदळतो, पण बहुतेक वेळा आधी पाण्याला धडकतो. आपली पेशी म्हणजे मुख्यत्वे पाणीच. पाण्याचा रेणू फुटतो, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय भांडखोर तुकडा निघतो आणि शेजारच्या डीएनएला चावा घेतो. एक्स-रेने होणाऱ्या इजेपैकी सुमारे दोन तृतीयांश इजा अशी आडमार्गाने होते. डीएनएचे दोन पदर आहेत. एक तुटला तर दुसऱ्यावरून बघून तो बिनचूक जोडता येतो. दोन्ही एकाच जागी तुटले की पंचाईत, कारण मग नक्कल करायला मूळ शिल्लक राहत नाही.

ग्रे हे किरणांच्या डोसाचं एकक. एक ग्रे इतका डोस दिला तर एका पेशीत साधारण ३५ ते ४० ठिकाणी असे दोन्ही पदर तुटतात. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये अवयवांना मिळतात सुमारे १० मिलिग्रे, म्हणजे ग्रेचा शंभरावा भाग. हिशेब सोपा आहे : दोन-तीन पेशींमागे एका पेशीत एक दुपदरी तूट. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण कसलाही स्कॅन न करता, तुम्ही इथे खुर्चीत बसलेले असताना, तुमच्या प्रत्येक पेशीत दिवसाला हजारो बारीकसारीक इजा होतच असतात. श्वासातला ऑक्सिजन, शरीराची ऊब आणि पेशीतलं पाणी यांनीच त्या होतात. त्या दुरुस्त कशा होतात हे शोधणाऱ्या तिघांना, लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना, २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण जिवंत आहोत ते डीएनए अभंग आहे म्हणून नव्हे. त्याच्या डागडुजीचं खातं रात्रंदिवस उघडं असतं म्हणून.

सीटी स्कॅनची इजा प्रत्यक्ष दिसते का? दिसते. डीएनए दुपदरी तुटलं की तिथल्या एका प्रथिनावर पेशी खूण करते, आणि ती खूण रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या ठिपक्यासारखी मोजता येते. जर्मनीत लोब्रिश आणि सहकाऱ्यांनी सीटीच्या आधी आणि नंतर रुग्णांचं रक्त घेऊन हे ठिपके मोजले आणि २००५ साली ते प्रसिद्ध केलं. स्कॅननंतर लगेच ठिपके वाढले. काही तासांत कमी झाले. दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे पूर्वपदावर आले होते. बहुतेकांचे, सगळ्यांचे नाही. पूर्वी रेडिओथेरपीची जबर प्रतिक्रिया आलेल्या एका रुग्णाच्या पेशींत ठिपके रेंगाळले. या अपवादाकडे मी परत येणार आहे. याच मंडळींना आधी, २००३ मध्ये, प्रयोगशाळेतल्या पेशींत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. डोस अगदीच किरकोळ, मिलिग्रेच्या आसपास असेल, तर पेशी दुरुस्तीची घाईच करत नाहीत; तूट दिवसेंदिवस तशीच पडून राहते. अशी पेशी पुढे विभागताना बाद होत असावी, असा त्यांचा अंदाज. 'थोडा डोस म्हणजे थोडीच इजा' हे गणित जिवंत पेशीत किती सरळ चालतं, यावर शास्त्रज्ञांत आजही हुज्जत चालू आहे, ती अशा निरीक्षणांमुळे.

आता आकड्यांकडे येऊ. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की छातीचा एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला : हे जुनं झालं, आजचा कमी डोसाचा सीटी म्हणजे पाच-दहा एक्स-रेच. लोकांनी डोक्याला हात लावला. दोन्ही बाजूंना मोठे डॉक्टर, आणि आकडा निदान तीस पटींनी वेगळा.

दोघांच्याही आकड्यांमागे गणित आहे. छातीचा नेहमीचा सीटी सुमारे ६ मिलिसिव्हर्टचा; सगळ्या शरीराच्या हिशेबाने डोस या एककात मोजतात. चांगल्या डिजिटल यंत्रावर छातीचा एक्स-रे ०.०२ मिलिसिव्हर्टमध्ये निघतो. भागाकार केला की आले ३००. उलट सीटी कमी डोसावर, एक-दीड मिलिसिव्हर्टमध्ये घेतला, आणि तुलनेला ०.१ वाला एक्स-रे धरला, की आले दहा-पंधरा. वाद शास्त्राचा कमी आणि भागाकारात खाली काय घ्यायचं याचा जास्त होता. म्हणून 'इतके एक्स-रे' या भाषेत मी कधी बोलत नाही. माणसाला निसर्गाकडून, म्हणजे माती, दगड, हवा, अन्न आणि आकाश यांच्याकडून, वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्याच मापाने मोजा. छातीचा सीटी म्हणजे दोन-अडीच वर्षांचा निसर्ग. डोक्याचा सीटी वर्षभराच्या आतला. पोटाचा तीन-चार वर्षांचा. पेट-सीटी त्याहून बराच वर.

तुम्ही तर चामुंडीच्या ग्रॅनाइटवर राहता. ग्रॅनाइटात युरेनियम-थोरियमचा अंश असतो, त्यातून रेडॉन वायू झिरपतो, आणि खेळती हवा नसलेल्या घरात साचतो. म्हैसूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली मंडळी वर्षानुवर्षं इथल्या घरांतला, मातीतला, पाण्यातला रेडॉन मोजत आली आहेत. ऐकून आज रात्री घर बदलायचा विचार करू नका. खिडक्या उघडा, पुरे. केरळात कोल्लमजवळ करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची काळी वाळू आहे. तिथल्या काही वस्त्यांत लोकांना जगाच्या सरासरीच्या कित्येक पट डोस पिढ्यान्‌पिढ्या मिळतोय. तिथल्या जवळपास ७० हजार लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून २००९ मध्ये जो निष्कर्ष छापला गेला, त्यात वाढीव कर्करोग आढळला नाही. नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त घेऊन गुणसूत्रांची मोडतोड मोजण्यात आली; तीही इतर भागांपेक्षा लक्षणीय वेगळी निघाली नाही.

मग काळजीचं कारण नाही? आहे. केरळातला डोस वर्षभर टिपूस टिपूस पडतो. सीटीचा काही सेकंदांत येतो. शिवाय तो कोणाच्या अंगावर येतो, यालाही महत्त्व आहे.

लहान मुलांचं घ्या. त्यांच्या पेशी भराभर विभागत असतात आणि इजा उगवून यायला पुढे सत्तर वर्षं पडलेली असतात. युरोपातल्या नऊ देशांनी बालवयात किंवा तरुणपणी, २२ वर्षांच्या आत, सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख लोकांचा मागोवा घेतला. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांचा हिशेब असा : आजच्या सरासरी डोसाने दहा हजार मुलांचे सीटी केले, तर पुढच्या बारा वर्षांत त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होणारी मुलं एक ते दोन. एकट्या मुलाच्या बापाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, करून टाका. देशभरात वर्षाला किती मुलांचे सीटी होतात ते ध्यानात घेतलं की सरकारी आरोग्य खात्याने मात्र हाच आकडा ऐकून दचकायला हवं. दोघंही बरोबर. झाडावरून पडून बेशुद्ध झालेल्या पोराचा सीटी दहा हजारांतल्या एका शक्यतेपायी टाळणं हा वेडेपणा ठरेल. मधूनमधून डोकं दुखतं म्हणून, परीक्षेच्या आधी, 'एकदा काढून टाकू, मनाची शांती' म्हणून काढलेला सीटी, हा दुसरा वेडेपणा.

बाया आणि छाती, ही दुसरी जोखीम. तुमच्या शहरात राजकन्या कृष्णाजम्मण्णींच्या नावाचं क्षयरुग्णालय आहे. नाल्वडी कृष्णराज वडेयर यांची ही बहीण. क्षयाने गेली, तिच्या मुलीही त्याच रोगाने गेल्या. आमच्याकडे महाराष्ट्रात मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडीचं सॅनिटोरियम. औषधं येण्यापूर्वीच्या त्या काळात जगभर एक उपचार चाले : बरगड्यांतून हवा भरून रोगी फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवायचं. ते मिटलेलं आहे की नाही हे बघायला रुग्णाला दर खेपेला एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं करायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अशा स्त्रियांची पुढे नीट नोंद ठेवली गेली. एकेकीची तपासणी सरासरी ८८ वेळा झाली होती. पुढच्या काही दशकांत त्यांच्यात स्तनाचे कर्करोग ११४ च्या आसपास अपेक्षित होते, निघाले १४७. वाढ दिसू लागली ती दहा-पंधरा वर्षांनी, आणि जास्त करून ज्या वयात येताना पडद्यासमोर उभ्या राहिल्या त्यांच्यात. कॅनडात नोव्हा स्कोशियातही हेच दिसलं होतं. थोड्या थोड्या डोसांची बेरीज होते, याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मघाच्या त्या अपवादाकडे येतो, ज्याचे ठिपके रेंगाळले होते. काही माणसांत डागडुजीचं खातंच जन्मतः अपुरं असतं. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात तुटीची वर्दी देणारं जनुकच निकामी असतं आणि अशा मुलांना किरण अजिबात सोसत नाहीत. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो, म्हणजे नात्यात लग्नं जिथे होतात तिथे त्याची शक्यता वाढते. इकडे मामा-भाचीची लग्नं अजून होतात. आमच्याकडेही मामाची पोरगी हक्काची मानणारी घरं आहेतच. तेव्हा घरात लहानपणापासून तोल जाणारं, वारंवार आजारी पडणारं मूल असेल तर स्कॅनच्या आधी ते डॉक्टरांच्या कानावर घाला. तसंच ज्या बायकांच्या घराण्यात आई, मावशी, बहीण असे स्तनाचे कर्करोग झालेत आणि बीआरसीए जनुकातला दोष निघालाय, त्यांनी तिशीच्या आत छातीचे किरण टाळावेत. तिथे मॅमोग्राफीऐवजी एमआरआय बरा.

आणि पुढची पिढी? हा प्रश्न लोक कुजबुजत विचारतात, म्हणून मोठ्याने उत्तर देतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या सुमारे ७७ हजार मुलांचा अभ्यास झाला. आई-बापांना लागलेल्या किरणांमुळे आलेला आनुवंशिक दोष त्यांच्यात दिसून आला नाही. माशीत जे मुलरने दाखवलं ते माणसात, निदान मोजता येईल इतकं, आजवर सापडलेलं नाही. एक्स-रेच्या वेळी रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवायची पद्धत आता सोडून द्यावी, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, त्यामागे हेही एक कारण होतं. शिवाय तुकडा सरकला तर हवा तो भागच झाकला जातो आणि परत एक्स-रे काढावा लागतो. पोटातलं बाळ ही मात्र वेगळी गोष्ट. इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्टबाईंनी कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांना गाठून गरोदरपणातलं सगळं विचारलं, आणि १९५६ मध्ये सांगितलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे झालेल्यांच्या मुलांत हा धोका जवळपास दुपटीचा आहे. वैद्यकीय जगाने ते पचवायला दोन दशकं घेतली. आज गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे कोणी सहज काढत नाही, त्याचं बरंचसं श्रेय या बाईंना.

आता एक काम शिकवून ठेवतो. सीटीच्या सीडीत किंवा फिल्मच्या शेवटच्या चौकटीत एक रुक्ष तक्ता असतो. तो कोणी बघत नाही. त्यात डीएलपी नावाचा रकाना असतो. प्रौढ माणसाच्या छातीच्या सीटीसाठी त्या आकड्याला ०.०१४ ने गुणा, पोटासाठी ०.०१५ ने, डोक्यासाठी ०.००२१ ने. उत्तर मिलिसिव्हर्टमध्ये, ढोबळ पण कामाचं. छातीचा डीएलपी ४०० असेल तर ५.६. पोटाचा ६०० असेल तर ९. आणि त्या तक्त्यात एकाऐवजी चार ओळी दिसल्या, म्हणजे आधी साधा, मग कॉन्ट्रास्ट देऊन लगेच, मग थोड्या वेळाने, मग आणखी उशिरा, तर प्रत्येक ओळ वेगळा स्कॅन आहे. चार ओळींचे झाले ३६. यकृतातली गाठ ओळखायला या ओळी लागतात. मूतखडा बघायला एक साधी ओळ पुरते, तीही कमी डोसाची. मूतखड्याच्या फायलीत मला चार ओळी दिसल्या की मी फोन उचलतो.

एक्स-रे आणि सीटीची यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली येतात. हे मंडळ १९८३ पासून आहे. यंत्रावर काम करणाऱ्यांच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो. त्यांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी मर्यादा आहे. रुग्णाला मात्र कायद्याने कसलीच मर्यादा नाही, आणि असूही नये. ज्याचा जीव स्कॅनने वाचणार आहे त्याला 'तुमचा कोटा संपला' असं कसं सांगणार? पण त्यामुळे रुग्णाच्या बाजूने हिशेब ठेवणारंही कोणी उरत नाही. माझ्याकडे येणारा माणूस साड्यांच्या दुकानाची पिशवी घेऊन येतो. तीत फिल्मच्या गुंडाळ्या, रबर बँड, चहाचा डाग पडलेले रिपोर्ट, न उघडणारी सीडी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुळं विटा, खानापूर, आटपाडीकडची, सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यामुळे सगळा दक्षिण देश तुम्हाला घरासारखा. एक स्कॅन इथे, एक सांगलीला, एक मुंबईला पाहुण्यांच्या ओळखीने. प्रत्येक जण म्हणतो, 'तो जुना चालणार नाही, आमच्या सेंटरचाच हवा.' काही वेळा त्यामागे खरंच वैद्यकीय कारण असतं. काही वेळा कारण असतं पाकीट, रुग्ण पाठवल्याबद्दलचं. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला, तो पुढे रेंगाळला. कोरोनात छातीच्या सीटीचा 'स्कोअर किती?' हा प्रश्न 'जेवलात का?' इतका सर्रास झाला होता. पंचवीसपैकी तीन स्कोअर आलेली ठणठणीत माणसं चार दिवसांनी पुन्हा स्कॅनच्या रांगेत. महाराष्ट्राने २०२० च्या सप्टेंबरात एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या या सीटीचा, दर दोन ते तीन हजारांवर बांधून दिला, ते बरंच झालं. पण दर बांधल्याने रांग काही कमी झाली नाही.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न मी एकच सांगतो : या स्कॅनमध्ये काही निघालं तर उपचार बदलणार आहे का, आणि नाही निघालं तर? दोन्हीकडे उत्तर 'तेच औषध' असेल, तर स्कॅन कशाला? हा प्रश्न नम्रपणे विचारता येतो. चांगला डॉक्टर त्याने चिडत नाही.

'मग सगळे एमआरआयच करू', असं सुशिक्षित लोक म्हणतात. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांत नाही. २०१३ साली झुरिकमधून हृदयाच्या एमआरआयनंतर रक्तात डीएनएच्या तुटीचे ते ठिपके वाढल्याचा निबंध आला आणि बरीच खळबळ झाली. दोन वर्षांनी जर्मनीतल्या गटाने तेच मोजलं, वाढ दिसली नाही. माझा कौल दुसऱ्या बाजूने. एमआरआयचा धोका फार ढोबळ आहे. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, आणि ते चोवीस तास चालू. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. डीएनएचा तिथे काय संबंध?

सोनोग्राफीत तर नुसता ध्वनी. डॉपलरने ऊती थोडी तापते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत तो गरजेपुरताच. पण गर्भाच्या डीएनएला सोनोग्राफीने इजा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आणि तरीही आपल्या मुलखात ज्या एका स्कॅनने सगळ्यात जास्त जीव घेतले तो हाच. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. अंमलबजावणी होईना म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला, कर्नाटकच्या वेशीवर, ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बेंगळुरू पोलिसांनी उघड केलेली टोळी तुम्हाला आठवत असेल. शेजारच्या मंड्या जिल्ह्यात एका गुऱ्हाळात सोनोग्राफीचं यंत्र मांडलेलं. बाहेर उसाचा चोथा, आत गर्भवती बाया, आणि पुढचं काम म्हैसूरच्या दवाखान्यात, असा पोलिसांचा आरोप. हे यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येत नाही, कारण त्यातून किरण निघत नाहीत. विजेचा प्लग मिळाला की ते कुठेही चालतं. तुम्ही मला स्कॅनने डीएनएला काय होतं ते विचारलंत. गुऱ्हाळातलं ते यंत्र बाळ मुलगा की मुलगी एवढंच बघत होतं, त्याच्या डीएनएला हात न लावता.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. वेळ कमी आहे, एक घेतो. अक्षरावरून कोणा आजींची दिसते. 'थायरॉइडचा स्कॅन केला आहे, नातवाला मांडीवर घेतलं तर चालेल का?' आजी, स्कॅनला बहुतेक ठिकाणी टेक्निशियम देतात, ते दर सहा तासांनी निम्मं होतं. भरपूर पाणी प्या, दुसऱ्या दिवशी खुशाल घ्या. पेट स्कॅनचं औषध तर ११० मिनिटांत निम्मं होतं. तिथे तो दिवस जाऊ दिला की झालं. पण थायरॉइड जाळण्यासाठी उपचाराचं आयोडीन-१३१ दिलं असेल तर गोष्ट वेगळी. ते निम्मं व्हायला आठ दिवस लागतात. तेव्हा किती दिवस लांब राहायचं ते डॉक्टर लिहून देतात, तो कागद बघा. कागद सापडत नसेल तर उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून विचारा, आणि तोवर नातवाला त्याच्या आईकडेच राहू द्या.